जगाची जन्मतारीख काढणारा आर्चबिशप

इ.स.पू. ४००४ या वर्षी, २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी जगाची सुरुवात झाली, असं जेम्स अशर या आयर्लंडच्या अँग्लिकन आर्चबिशपने १६५० मध्ये लॅटिन भाषेत छापून ठेवलं. उत्क्रांतीवरचं भाषण असो की भूगर्भशास्त्राचं पुस्तक, त्यात अशरचं नाव एकदा तरी येतं, आणि बहुधा हशा पिकवायलाच येतं. पुष्कळ ठिकाणी 'सकाळी नऊ वाजता' असंही जोडलेलं असतं. ते अशरचं नव्हेच. नऊची वेळ त्याचा समकालीन इंग्रज पंडित जॉन लाइटफूट याच्या लिखाणातून आली, आणि तीही माणसाच्या निर्मितीची होती, जगाच्या नव्हे.

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा अशरचा आकडा चुकला, यात वाद नाही. पण नेमका कुठे चुकला? बेरीज-वजाबाकीत, पुरावे निवडण्यात, की मुळातल्या गृहीतकात? हे शोधायला गेलं की सतराव्या शतकातला एक अव्वल अभ्यासक समोर उभा राहतो. जुनी कागदपत्रं एकमेकांशी ताडून पाहण्याची त्याची रीत आजचे इतिहासकारही वापरतात. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. त्याचे दोषही लहान नव्हते, आणि तेही इथे सांगायला हवेत.

डब्लिनचा मुलगा

अशरचा जन्म ४ जानेवारी १५८१ रोजी डब्लिनमध्ये झाला. वडील चॅन्सरी कोर्टात अधिकारी, घर खाऊनपिऊन सुखी. चरित्रकार सांगतात की अक्षरओळख त्याला नात्यातल्या दोन जन्मांध स्त्रियांनी करून दिली. बायबलचे अध्यायच्या अध्याय त्यांना तोंडपाठ होते. १५९२ मध्ये डब्लिनला ट्रिनिटी कॉलेज निघालं. ते काढणाऱ्यांत अशरचा काका हेन्री होता. दोन वर्षांनी, तेराव्या वर्षी, जेम्स तिथे दाखल झाला. कॉलेजच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी तो एक. मुलाने वकील व्हावं असं वडिलांच्या मनात होतं, पण १५९८ मध्ये ते गेले. अशरने वारशाचा बराचसा वाटा भावंडांकडे सोपवला आणि स्वतः अभ्यासाला लागला.

त्या काळातला अँग्लिकन पंथ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. १५३४ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपचा अधिकार झुगारला आणि देशातलं चर्च राजाच्या अखत्यारीत आणलं. युरोपातल्या इतर अनेक सुधारकांनी पुढे बिशपपदच मोडीत काढलं, पण इंग्लंडने ते ठेवलं. पोप नाही, बिशप मात्र आहेत. प्रार्थना लॅटिनऐवजी इंग्रजीत. आणि शेवटचा शब्द बायबलचा. आयर्लंडवर इंग्लंडचीच सत्ता असल्यामुळे तिथेही हेच चर्च अधिकृत ठरलं. लोक मात्र बहुसंख्येने कॅथलिकच राहिले. अशरच्या घरातही ही फाळणी होती. त्याचा मामा रिचर्ड स्टॅनिहर्स्ट नावाजलेला कॅथलिक विद्वान होता.

कॅथलिक पंडित पोपपासून फुटलेल्या प्रोटेस्टंटांना एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत: लूथरने सुधारणा सुरू करण्याआधी तुमचं चर्च होतं कुठे? प्रश्न अडचणीचा होता. त्याला भक्तीने उत्तर देऊन भागत नव्हतं, इतिहास लागत होता. विसाव्या वर्षी अशरने ठरवलं की पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांचं झाडून सगळं लिखाण मुळातून वाचायचं. रोज ठरलेला भाग, खंड न पाडता. ते वाचन पुरं व्हायला अठरा वर्षं लागली. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया हा आहे. एखादं वाक्य चौथ्या शतकातलं म्हणून पुढे आलं, तर त्याची भाषा चौथ्या शतकाची आहे की नाही हे त्याच्या कानाला कळत असे.

ट्रिनिटीच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं घ्यायला तो आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी ल्यूक चॅलनर लंडनला जात. पुढे चॅलनरच्याच मुलीशी, फीबीशी, त्याचं लग्न झालं. दर काही वर्षांनी इंग्लंडची फेरी ठरलेली: काही आठवडे ऑक्सफर्ड, काही केंब्रिज, काही लंडन, आणि सगळीकडे हस्तलिखितं. सीरियातल्या हलब (अलेप्पो) शहरात टॉमस डेव्हिस नावाचा इंग्रज व्यापारी होता. त्याच्याकरवी अशरने शोमरोनी या ज्यूंपासून वेगळ्या पंथाच्या पंचग्रंथाची (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची) आणि सिरियाक भाषेतली हस्तलिखितं मागवली. युरोपात तेव्हा ती फार थोड्यांनी पाहिली होती.

१६२१ मध्ये तो मीथचा बिशप झाला. 'बुक ऑफ केल्स' हे चित्रांनी मढलेलं शुभवर्तमानांचं (येशूच्या चरित्रांचं) प्राचीन हस्तलिखित ज्या केल्स गावातलं, ते गाव याच धर्मप्रांतात आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अशरने त्याची पानं मोजली. ३४४ भरली. तशी नोंद त्याने त्या ग्रंथातच करून ठेवली. आज त्यातली ३४० पानं उरली आहेत. नवा बिशप आपल्या ताब्यातल्या ग्रंथाची पानं मोजून नोंद ठेवतो, यावरून माणसाची वृत्ती कळते. १६२५ मध्ये तो आर्माचा आर्चबिशप झाला, म्हणजे आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चचा प्रमुख.

आणि १६२६ मध्ये त्याने असं एक काम केलं की ते वाचताना आजही वाईट वाटतं. राजा पहिला चार्ल्स याला पैशांची गरज होती, त्यामुळे आयर्लंडमधल्या कॅथलिकांना काही सवलती द्यायचं घाटत होतं. अशरने बिशपांना आपल्या घरी जमवलं आणि सगळ्यांनी मिळून निवेदन काढलं: कॅथलिकांना त्यांचा धर्म मोकळेपणाने पाळू देणं हे मोठं पाप आहे. ज्या देशात बहुसंख्य लोक कॅथलिक, त्याच देशाच्या आर्चबिशपचं हे मत. गंमत अशी नव्हे, कोडं असं की हाच माणूस ऑसरीचा कॅथलिक बिशप डेव्हिड रॉथ याच्याशी आयर्लंडच्या जुन्या संतांबद्दल पत्रव्यवहार करत होता आणि माहितीची देवाणघेवाण करत होता. ज्या पंथाला कायद्याने मोकळीक देऊ नये असं तो म्हणाला, त्याच पंथातल्या विद्वानाकडून शिकायला त्याला कमीपणा वाटला नाही. या दोन गोष्टी त्याच्या मनात एकत्र कशा राहत होत्या, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

४००४ कुठून आले?

जगाचं वय काढणं हा त्या काळी एखाद्या विक्षिप्ताचा उद्योग नव्हता. आठव्या शतकात बीड या इंग्रज साधूने इ.स.पू. ३९५२ हे वर्ष काढलं होतं. ज्यू परंपरेत ३७६१ आहे, तर पूर्वेकडच्या ग्रीक चर्चमध्ये ५५०९. केप्लरने स्वतः असा हिशेब केला, न्यूटननेही कालगणनेवर कित्येक वर्षं घालवली. कालगणनाशास्त्र ही तेव्हाची सर्वांत कठीण विद्या मानली जाई, कारण तिला हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन यांच्या जोडीला खगोलशास्त्रही लागे.

अशरचा हिशेब सुरू होतो बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून. त्यात वंशावळ आहे, आणि तिच्यात प्रत्येक पिढीचं एक वय दिलं आहे: मुलगा झाला तेव्हा बापाचं वय. आदाम १३० वर्षांचा असताना शेथ झाला. शेथ १०५ चा असताना अनोश. मग ९०, ७०, ६५, १६२, ६५, मथुशलहाचं १८७, लामेखाचं १८२. इथवर बेरीज १०५६, आणि नोहाचा जन्म. जलप्रलय आला तेव्हा नोहा ६०० वर्षांचा. म्हणजे निर्मितीपासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षं. इथवर कोणीही कागद-पेन्सिल घेऊन जाऊ शकतो.

पहिली अडचण लगेच येते. हे आकडे हिब्रू प्रतीतले आहेत. ग्रीक भाषांतरात बऱ्याच पिढ्यांच्या वयात शंभरेक वर्षं जास्त आहेत, आदामाला शेथ झाला तो २३० व्या वर्षी. शोमरोनी प्रतीत आकडे पुन्हा वेगळे. ग्रीक प्रत धरली तर जग दीडेक हजार वर्षांनी म्हातारं होतं. अशरने हिब्रू प्रत धरली, पण बाकीच्या दोन न पाहता नव्हे. शोमरोनी प्रत त्याने हलबहून स्वतःच्या खर्चाने आणवली होती, आणि ग्रीक भाषांतरावर त्याने १६५५ मध्ये वेगळा ग्रंथच लिहिला.

दुसरी अडचण अब्राहामाच्या जन्माची, आणि इथे त्याचं डोकं कसं चालत होतं ते जवळून पाहता येतं. उत्पत्तीच्या ११ व्या अध्यायात म्हटलंय की तेरह सत्तर वर्षांचा झाल्यावर त्याला अब्राम (म्हणजेच अब्राहाम), नाहोर आणि हारान झाले. घाईने वाचणारा म्हणेल, अब्राहाम झाला तेव्हा बाप ७० चा. पण तिथेच पुढे म्हटलंय की तेरह २०५ व्या वर्षी वारला. अब्राहामाने हारान गाव सोडलं तेव्हा तो ७५ चा होता, आणि नव्या करारातल्या (बायबलच्या येशूपासून पुढच्या भागातल्या) प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलंय की बाप वारल्यावर त्याने ते गाव सोडलं. २०५ मधून ७५ वजा केले की १३० उरतात. म्हणजे ७० व्या वर्षी झाला तो थोरला मुलगा. अब्राहामाचं नाव आधी आलं ते त्याच्या मोठेपणामुळे. एका वाक्याच्या वाचनाने जगाच्या वयात ६० वर्षांची भर पडली.

जलप्रलयापासून तेरहाच्या जन्मापर्यंत २२२ वर्षं, त्यात हे १३०. अब्राहामाचा जन्म आला जगाच्या २००८ व्या वर्षी. पंचाहत्तरी धरून २०८३. तिथून इस्राएल लोक मिसरमधून बाहेर पडेपर्यंत ४३० वर्षं, आणि निर्गमनाच्या ४८० व्या वर्षी शलमोन राजाने यरुशलेमच्या मंदिराचा पाया घातला. जग तेव्हा २९९२ वर्षांचं झालं होतं. मंदिराचं काम सात वर्षं चाललं. अशरच्या हिशेबात मंदिर बांधून पुरं होतं ते वर्ष बरोबर ३००० वं.

शलमोनानंतर राज्याचे दोन तुकडे झाले आणि आकड्यांचा गुंता सुरू झाला. दक्षिणेच्या राजाची कारकीर्द उत्तरेच्या राजाच्या अमुक वर्षी सुरू झाली, अशा उलटसुलट नोंदी बायबलमध्ये आहेत आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळत नाहीत. कुठे बाप-लेकांनी एकदम राज्य केलं असं धरावं लागतं, कुठे मध्ये गादी रिकामी होती असं. पुढे तर बायबलमधले आकडेच संपतात. जुन्या करारातल्या शेवटच्या राजांपासून येशूपर्यंतची सलग मोजणी त्यात कुठेही नाही.

इथे अशर बायबलच्या बाहेर पडतो, आणि माझ्या मते त्याच्या कामाचा खरा कस इथे लागतो. टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने बॅबिलोनच्या राजांची एक यादी चालत आलेली आहे. ती इ.स.पू. ७४७ पासून सुरू होते आणि प्रत्येक राजाने किती वर्षं राज्य केलं ते सांगते. बॅबिलोनमध्ये पूर्वी पाहिल्या गेलेल्या चंद्रग्रहणांच्या नोंदीही टॉलेमीने दिल्या आहेत, अमुक राजाच्या अमुक वर्षी अशा स्वरूपात. ग्रहण पंडितांच्या मतावर अवलंबून नसतं. आकाशाचं गणित मागे चालवलं की त्याची तारीख निघते.

एक उदाहरण घेऊ. नबोपोलस्सर राजाच्या पाचव्या वर्षी चंद्रग्रहण दिसलं. गणिताने ती तारीख येते २२ एप्रिल इ.स.पू. ६२१. म्हणजे त्याचं पहिलं वर्ष ६२५. यादीप्रमाणे त्याने २१ वर्षं राज्य केलं, तेव्हा पुढच्या राजाचं, नबुखद्नेस्सराचं, पहिलं वर्ष ६०४. नबुखद्नेस्सराची ४३ वर्षं धरली की त्याच्या मुलाचं, अवील-मरोदखाचं, पहिलं वर्ष ५६१. आता बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडायचं. तिथे लिहिलंय: यहूदाचा, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्याचा, राजा यहोयाखीन याच्या बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी अवील-मरोदख गादीवर आला. बायबलचा काळ आणि आकाशाचा काळ या एका वाक्यात एकमेकांना भिडतात. तिथून ३७ वर्षं मागे गेलं की यहोयाखीनाचं बंदिवान होणं ५९७ च्या आसपास येतं. मातीच्या पाटीवर कोरलेल्या बॅबिलोनी बखरीवरूनही आज इ.स.पू. ५९७ हेच वर्ष ठरतं. अशरने ती पाटी पाहिली नव्हती. यरुशलेमच्या विनाशाचं वर्ष त्याने ५८८ दिलं. आजचे इतिहासकार ५८७ किंवा ५८६ म्हणतात. अशरच्याही सव्वादोन हजार वर्षं आधीच्या घटनेत फक्त एक-दोन वर्षांचा फरक.

हा दुवा मिळाला की वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून साखळी जोडता येते. त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग याच कामाने भरलाय: इराणी, ग्रीक, रोमन इतिहासकारांच्या नोंदी वर्षवार लावणं. निर्मितीची कथा सुरुवातीच्या काही पानांतच आटोपते.

आणि ते शेवटचे चार? येशूचा जन्म इ.स. १ मध्ये धरला तर आकडा ४००० यायला हवा. पण इसवी सन ही मोजणी सहाव्या शतकात एका साधूने सुरू केली आणि त्यात थोडी चूक राहिली. मत्तयच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता. जोसेफस हा ज्यू इतिहासकार सांगतो की हेरोद मरण्याआधी चंद्रग्रहण झालं. त्यावरून हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. ४ मध्ये ठरतो. म्हणून ४००० अधिक ४.

आकडे असे गोल का पडले, अशी शंका येते आणि ती रास्त आहे. देवाचा एक दिवस म्हणजे हजार वर्षं, सहा दिवसांत निर्मिती म्हणून जगाचं आयुष्य सहा हजार वर्षं, त्यातली चार हजार ख्रिस्ताआधीची, ही समजूत अशरच्या कितीतरी आधीपासून होती. राजांच्या गुंत्यात अनेक वाटा शक्य असताना त्याने नेमकी ही वाट धरली, त्यात या समजुतीचा हात नसेल असं मला वाटत नाही.

तारीख आणि वार

वर्षं मोजायला अशरने ज्युलियन पीरियड नावाची पट्टी वापरली. जोसेफ स्कॅलिजर या फ्रेंच पंडिताने ती १५८३ मध्ये आखली. ती तीन चक्रांच्या गुणाकारातून येते. त्यातलं १९ वर्षांचं चक्र मराठी घरांत माहीत असतं: एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी पुन्हा एकत्र येतात, ते याच चक्रामुळे. दुसरं चक्र २८ वर्षांचं, ज्यानंतर जुन्या रोमन कॅलेंडरात तारखा आणि वार पुन्हा तसेच जुळतात. तिसरं रोमन करआकारणीचं, १५ वर्षांचं. २८ गुणिले १९ गुणिले १५ म्हणजे ७९८०. तिन्ही चक्रं एकदम सुरू होण्याचं वर्ष मागे जाऊन पाहिलं तर इ.स.पू. ४७१३ येतं. अशरच्या निर्मितीचं वर्ष या पट्टीवर ७१० वं. खगोलशास्त्रज्ञ आजही याच आरंभापासून दिवस मोजतात.

दिवस ठरवताना त्याने असा विचार केला: ज्यूंचं वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, आणि एदेन बागेतली फळं पिकलेली होती. तेव्हा सुरुवात शरद संपाताच्या, म्हणजे शरदात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, सुमाराची. सातवा दिवस शनिवार, विश्रांतीचा, म्हणून पहिला रविवार. खगोलशास्त्राची कोष्टकं घेऊन त्याने त्या वर्षी शरद संपाताच्या सर्वांत जवळचा रविवार शोधला. तो निघाला २३ ऑक्टोबर. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून आदली संध्याकाळ.

शरद संपात तर सप्टेंबरात असतो, मग ऑक्टोबर कसा? जुन्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं आहे, खऱ्या वर्षापेक्षा ११ मिनिटांनी मोठं. सुमारे १२८ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. चार हजार वर्षं मागे गेलं की तो साचून महिनाभराचा होतो. अशरने तो बिनचूक धरला होता.

म्हणजे गणित चोख होतं आणि पुरावे त्या काळी मिळण्यासारखे सगळे हाताशी घेतलेले होते. चूक होती ती पहिल्या पायरीवर: माणसाच्या लिखित आठवणीच्या आधी पृथ्वीला काही इतिहासच नाही, या गृहीतकात. खडकांच्या थरांतूनही काळ वाचता येतो, हे स्कॉटलंडच्या जेम्स हटनने मांडलं १७८८ मध्ये. पृथ्वीचं वय शिशाच्या समस्थानिकांवरून ४५५ कोटी वर्षं असल्याचं क्लेअर पॅटरसनने दाखवलं ते १९५६ मध्ये, अशरच्या मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी.

गृहीतकाला तडे मात्र आधीच जायला लागले होते. जेझुइट धर्मगुरू मार्टिनो मार्टिनीने १६५८ मध्ये चीनचा इतिहास छापला. त्यात पहिल्या राजाचं वर्ष इ.स.पू. २९५२ होतं, म्हणजे अशरच्या जलप्रलयाच्या सहाशे वर्षं आधीचं. आपलं कलियुग तर ३१०२ पासूनचं. विल्यम जोन्सने १७८८ मध्ये कलकत्त्यात हिंदू कालगणनेवर निबंध लिहिला, तेव्हा पुराणांतल्या राजवंशांना बायबलच्या चौकटीत बसवताना त्याने बरीच काटछाट केली. त्या चौकटीचं वजन किती होतं, हे यातून दिसतं.

हे वजन वाढलं एका छापील सोयीमुळे. १७०१ मध्ये बिशप विल्यम लॉइड याने इंग्रजी बायबलच्या समासात अशरच्या पद्धतीची वर्षं छापली. पुढची दोनशे वर्षं आणि त्याहूनही अधिक काळ घराघरांतल्या बायबलमध्ये पहिल्याच पानाच्या कडेला '४००४' दिसत राहिलं. वाचणाऱ्यांना तो आकडा एका अभ्यासकाने मांडलेला निष्कर्ष आहे असं वाटेना, पवित्र ग्रंथाचाच भाग वाटायला लागला. अशरने स्वतः आधार देत, पर्याय तपासत केलेली मांडणी गळाली आणि आकडा तेवढा राहिला.

न टिकलेलं पत्र आणि टिकलेली पत्रं

कालगणनेपेक्षाही मला त्याचं दुसरं काम मोठं वाटतं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला मृत्युदंडासाठी रोमला नेत होते. वाटेत त्याने इफिस, स्मुर्णा, रोम अशा ठिकाणच्या मंडळ्यांना पत्रं लिहिली. बिशपचं ऐका, बिशपला सोडून काही करू नका, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. १६४० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये बिशपपद ठेवावं की मोडावं यावर रण माजलं होतं, त्यामुळे ही पत्रं म्हणजे दारूगोळा होता. अडचण अशी की जी प्रत उपलब्ध होती तिच्यात नंतरच्या शतकांतल्या कल्पना उघड दिसत होत्या. पत्रं संख्येनेही असायला हवीत त्याहून जास्त होती. कवी जॉन मिल्टन याने १६४१ मध्ये बिशपपदाच्या बाजूने लढणाऱ्या अशरला उत्तर देताना या पत्रांवर बोट ठेवलं: असल्या भेसळीच्या कागदावर कोण विश्वास ठेवणार?

अशरच्या लक्षात एक बारीक गोष्ट आली. तेराव्या शतकातला लिंकनचा बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट आणि त्यानंतरचे दोन इंग्रज लेखक इग्नेशियसमधली जी वाक्यं उद्धृत करतात, ती छापील प्रतीशी जुळत नाहीत. पण चौथ्या-पाचव्या शतकातल्या युसेबियस आणि थिओडोरेट यांनी दिलेल्या उताऱ्यांशी मात्र बरोबर जुळतात. म्हणजे या तीन इंग्रजांसमोर दुसरीच, जुनी आणि स्वच्छ प्रत होती. ती इंग्लंडमध्येच कुठेतरी पडून असणार. त्याने शोध लावला. केंब्रिजच्या कीझ कॉलेजात एक लॅटिन हस्तलिखित सापडलं, दुसरं बिशप रिचर्ड मॉन्टेग्यू याच्या संग्रहात. १६४४ मध्ये अशरने भेसळीचे भाग वेगळे दाखवून पत्रं छापली. दोन वर्षांनी आयझॅक व्होसियसने फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातली ग्रीक प्रत प्रसिद्ध केली. अशरचा अंदाज खरा निघाला.

आज अभ्यासक इग्नेशियसची सात पत्रं अस्सल मानतात. अशरने सहाच मानली. पॉलिकार्पला लिहिलेल्या सातव्यावर त्याचा विश्वास बसला नाही. तेवढी त्याची चूक. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की बिशपपदाच्या बाजूने लढणाऱ्या माणसाने आपल्याच बाजूच्या पुराव्यातली खोटी पानं स्वतः बाहेर काढली.

शेवटची वर्षं

१६४० मध्ये तो इंग्लंडला गेला. पुढच्या वर्षी आयर्लंडमध्ये बंड झालं आणि तो परत कधीच गेला नाही. मग इंग्लंडमध्येही यादवी युद्ध सुरू झालं. १६४५ मध्ये वेल्समध्ये कार्डिफहून सेंट डोनॅट्सच्या किल्ल्याकडे जाताना वाटेत लोकांनी त्याच्या सामानाची लूट केली. पुस्तकं आणि कागदांच्या पेट्या फोडल्या. साठी ओलांडलेल्या या माणसाने आयुष्यभर जमवलेल्या टिपणांची पानं गावभर पांगली. नंतर आसपासच्या लोकांच्या मदतीने पुष्कळशी परत मिळाली, सगळी नव्हेत. कालगणनेचा ग्रंथ त्याने यानंतर छापला, सत्तरीला टेकलेला असताना, नजर अधू होत चाललेली असताना. पहिला भाग १६५० मध्ये, दुसरा १६५४ मध्ये.

३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये राजा चार्ल्सचा शिरच्छेद झाला. अशर तेव्हा चेरिंग क्रॉसजवळ पीटरबरोच्या काउंटेसच्या घरी राहत होता. तिथल्या गच्चीवरून शिरच्छेदासाठी उभारलेला मंच दिसत होता. राजाची तयारी सुरू झालेली पाहूनच तो मूर्च्छा येऊन पडला आणि त्याला खाली नेऊन निजवावं लागलं.

२१ मार्च १६५६ रोजी सरे परगण्यातल्या रायगेट गावी त्याचा मृत्यू झाला. देशात तेव्हा बिशपपद रद्द झालं होतं आणि अँग्लिकन प्रार्थनापुस्तकावर बंदी होती. तरीही राजाच्या जागी सत्तेवर आलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत सरकारी इतमामाने मूठमाती द्यायला लावली, आणि तीही त्याच बंदी घातलेल्या प्रार्थनांसह. सरकारने २०० पौंड दिले. खर्च त्याहून जास्त झाला आणि तो नातेवाइकांच्या अंगावर पडला.

मागे राहिली ती जवळपास दहा हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं. मुलगी एलिझाबेथ आणि तिच्या कुटुंबाला पैशांची निकड होती, म्हणून संग्रह विकायला निघाला. आयर्लंडमधल्या क्रॉमवेलच्या सैन्याने २,२०० पौंड देऊन तो विकत घेतला. डब्लिनला आल्यावर काही वर्षं तो किल्ल्यात पडून राहिला आणि त्यातला काही भाग गहाळ झाला. राजेशाही परत आल्यावर १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तो ट्रिनिटी कॉलेजला दिला. ज्या ग्रंथालयासाठी अशर तरुणपणी लंडनच्या दुकानांतून पुस्तकं निवडत होता, तिथेच ती आज आहेत; अभ्यासकांना मागून वाचता येतात, आणि त्याने पानं मोजलेलं 'बुक ऑफ केल्स'ही त्याच कॉलेजात आहे.